दोन महिन्यांची उमेदवारी

मार्च महिना उजाडला की आमच्या घरचा फोन दोन कारणांसाठी वाजतो. एक लग्नाच्या तारखा, आणि दुसरे म्हणजे, "मुलगा हैदराबादला एमबीएला आहे हो, उन्हाळ्यात त्याने नेमके काय करावे?" पहिल्या प्रश्नाला पंचांग आहे, दुसऱ्याला नाही. यंदाही असे तीन-चार फोन येऊन गेले. प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा गेल्या उन्हाळ्यात आमच्याच घरात जे घडले तेच इथे मांडतो. त्यातून ज्याने त्याने आपापले घ्यावे.

आपल्या भागाला हैदराबाद नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर, गुलबर्गा, रायचूर हे कानडी जिल्हे आणि उस्मानाबाद, बीड, नांदेड, परभणी, औरंगाबाद हे मराठी जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. सोलापूरकर तेवढे मुंबई इलाख्यातले. आपल्या आजोबा-पणजोबांना कोर्टकचेरीला हैदराबाद, बाजाराला हैदराबाद आणि शिकायलाही हैदराबादच. केशवराव कोरटकरांसारख्यांनी तिथे मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी उभी केली, कानडी मुलांसाठी नृपतुंग शाळा निघाली. उस्मानिया विद्यापीठ तर १९१८ चे. भाषावार प्रांतरचनेत राज्ये वेगळी झाली, पण हुसेनसागर एक्सप्रेस आजही सोलापूर, कलबुर्गी, वाडी, तांडूर करत आपली माणसे तिकडे पोचवतेच आहे. फरक एवढाच, की पूर्वी तिच्यातून वकिलीचे पोरगे जायचे, आता एमबीएचे जाते.

माझी धाकटी बहीण कलबुर्गीला दिलेली. घर कानडी, ती मराठी, मुले दोन्ही बोलतात. दाजींची तुरीची डाळमिल आहे, फार मोठी नाही. भाचा बी.कॉम. होऊन हैदराबादला एका कॉलेजात एमबीएच्या पहिल्या वर्षाला होता. मार्चमध्ये एका रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. "मामा, तीन कागद समोर आहेत. अप्पा म्हणतात, तू ठरव. अव्वा म्हणते, मामाला विचार. आणि परवापर्यंत कॉलेजात नाव द्यायचे आहे."

इथे ज्यांना या अभ्यासक्रमाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन वर्षांच्या एमबीएत पहिले वर्ष संपल्यावर, साधारण एप्रिल ते जून या काळात, सात-आठ आठवडे विद्यार्थ्याने बाहेर कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचे असते. त्याला इंटर्नशिप म्हणतात. मग त्यावर अहवाल लिहायचा, तोंडी परीक्षा द्यायची, त्याचे गुण धरले जातात. काम आवडले तर काही कंपन्या तिथेच पुढच्या वर्षीच्या नोकरीचा शब्द देऊन ठेवतात. म्हणून मुलांचा जीव त्यात अडकलेला असतो. गच्चीबावलीचे इंडियन स्कूल ऑफ बिझनेस २००१ साली सुरू झाले, त्याचा मूळ अभ्यासक्रम एकाच वर्षाचा. त्यात ही उन्हाळी भानगडच नाही, कारण तिथे येणारा बहुतेक जण आधी नोकरी करून आलेला असतो. पण आपली मुले पदवी झाली की थेट एमबीएला जातात. त्यांनी ऑफिस, दुकान, गोदाम आतून पाहिलेले नसते. त्यांच्यासाठी हे दोन महिने म्हणजे पहिल्यांदाच पाण्यात पडणे.

आपल्याकडे याला चांगला जुना शब्द होता, उमेदवारी. वकिलाकडे, पेढीवर, छापखान्यात पोरगे उमेदवारी करायचे. आता हा शब्द फक्त निवडणुकीला उरला. कानडीतही उमेदवार आहेच. उमेद म्हणजे आशा. आशेवर काम करणारा तो उमेदवार. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली इंजिनिअरिंगच्या मुलांना एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात पाठवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना ते नवल वाटले. आपल्या पेढ्यांवर ते नवल नव्हते, फक्त त्याचे गुण कोणी देत नव्हते. आणंदला १९७९ मध्ये वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था निघाली, तिथे तर मुलांना खेड्यात जाऊन राहावे लागते. म्हणजे कल्पना जुनी आहे, चांगली आहे. प्रश्न असतो तो कुठे जायचे याचा.

तर भाच्याचे तीन कागद असे. पहिला, हायटेक सिटीतल्या एका मोठ्या कंपनीचा. काम संगणकावर तक्ते भरण्याचे, पण नाव मोठे, महिन्याला बऱ्यापैकी मानधन, आणि पुढे नोकरीची शक्यता. दुसरा कागद वेगळाच होता. एका संस्थेने कळवले होते की आमच्याकडे पैसे भरा, घरी बसून प्रकल्प करा, दोन महिन्यांनी प्रमाणपत्र मिळेल. तिसरा कागद त्याच्याच हस्ताक्षरातला होता. त्यावर फक्त "मिल" असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलेले.

दुसऱ्या कागदाबद्दल मला विचार करावा लागला नाही. मी त्याला म्हटले, "उमेदवारीत शिकवणाऱ्याला गुरुदक्षिणा देतात हे ऐकले आहे, पण न शिकवता नुसता कागद विकणाऱ्याला पैसे द्यायचे नसतात. तो फाड." त्याने तो तिथेच फाडला असावा, आवाज आला. वाचकांनीही हे पक्के धरावे. पैसे मागणारी इंटर्नशिप ही इंटर्नशिप नव्हे. अमीरपेठेत संगणकाचे शिकवणी वर्ग गल्लोगल्ली आहेत, तिथे फी भरून एखादी गोष्ट शिकावी, त्यात गैर काही नाही. पण तो क्लास झाला, काम नव्हे.

मिलपुढचे प्रश्नचिन्ह मात्र मला झोपू देईना. बहिणीने मला फोनवर आडून आडून सांगितले होते. मिलचे मुनीम वयाने थकले होते. बँकेची कॅश क्रेडिट कायम काठोकाठ भरलेली. माल विकला जातो, पण पैसे येत नाहीत, दोन-दोन, अडीच-अडीच महिने लागतात. दाजी कोणाला बोलत नाहीत. पोराने सुट्टीत घरी येऊन हिशेब पाहावा असे त्यांना वाटत होते, पण "माझ्यासाठी पोराचे नुकसान नको" म्हणून तोंडातून शब्द काढत नव्हते. पोराला ते कळत होते, आणि कळते हे तोही दाखवत नव्हता. आपल्या घरांत हे असेच चालते.

त्यात कॉलेजचा नियम आडवा आला. स्वतःच्या घरच्या धंद्यात केलेली इंटर्नशिप ते धरत नाहीत. नियमात तथ्य आहे, वडील काही मुलाला नापास करणार नाहीत.

मी रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेलो. सकाळी स्टेशनबाहेर इराणी चहा पिताना भाचा म्हणाला, "मामा, कंपनी घेतली तर घरी काय चालले आहे ते मला कधीच कळणार नाही. घरी गेलो तर वर्ष बुडेल. मी करू काय?" मी म्हटले, "अज्जा काय म्हणतात?" अज्जा म्हणजे त्याचे आजोबा, ज्यांनी मिल घातली. तो हसला. "अज्जा म्हणाले, मोदलु कली, आमेले गळिसु." आधी शीक, मग कमव. "पण कुठे शिकू ते नाही सांगितले."

आम्ही दोघे त्या दिवशी बेगम बाजारात गेलो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, हा हैदराबादचा जुना घाऊक बाजार. डाळी, मसाले, सुकामेवा, भांडी, सगळे तिथून आसपासच्या जिल्ह्यांत जाते. माझ्या एका जुन्या मित्राच्या ओळखीचे एक घाऊक व्यापारी तिथे आहेत. दाजींचा आणि त्यांचा व्यवहार नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतले. भाच्याने त्यांना सरळ विचारले, "शेठजी, दोन महिने तुमच्या गादीवर बसू द्याल का? माल उतरवून घेण्यापासून पैसे देण्यापर्यंत सगळे पाहीन. लिहून ठेवीन." शेठजींनी त्याला खालून वर पाहिले. "पगार?" "तुम्ही द्याल तो." "एमबीए आहेस ना? एसी नाही इथे." "आमच्या मिलमध्येही नाही."

कॉलेजने आधी नाक मुरडले. दुकान म्हणजे काय इंटर्नशिप? मग जीएसटी क्रमांक, लेटरहेडवर पत्र, मार्गदर्शक म्हणून शेठजींच्या सी.ए. मुलाची सही, आणि विषयाचे नाव जरा इंग्रजीत भारदस्त करून दिल्यावर परवानगी मिळाली. मोठ्या कंपनीला त्याने नम्रपणे नकार कळवला. बहीण आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. "तुम्ही त्याला दुकानात बसवलंत," एवढेच म्हणाली. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. आईने मुलाला त्यासाठी का हैदराबादला पाठवले होते?

एप्रिल-मे महिन्यातले हैदराबाद म्हणजे चाळिशीच्या वरचा पारा. पहिले पंधरा दिवस भाचा फक्त पोती मोजत होता. हमालांची भाषा तेलुगू आणि उर्दू मिसळलेली, त्याला निम्मी कळायची. मग हळूहळू त्याला गादीवर बसवले. रोज रात्री तो एका वहीत लिहायचा आणि रविवारी मला फोनवर वाचून दाखवायचा.

त्यातली पहिली महत्त्वाची नोंद अशी. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आपल्याला तिचा अभिमान आहे. पण गादीवर शेठजी म्हणायचे, "माल उत्तम, पण दर गाडीचा दाणा वेगळा." एका गाडीत कणी जास्त, दुसरीत ओल. मग पट्टी करताना कापाकापी होते, आणि कापाकापीवर वाद झाला की पैसे थांबतात. शंभर किलो तुरीतून मिलला साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ मिळते. बाकी चुनी, टरफल वगैरे गुरांच्या खाद्यात जाते. अशा धंद्यात पट्टीत दोन टक्के कापले म्हणजे मिलवाल्याच्या हातात काय राहते याचे गणित भाच्याने पहिल्यांदा मांडले. ते पुस्तकात नव्हते.

दुसरी नोंद बिलांची. माल हुंडेकऱ्याच्या गाडीने आज पोचतो आणि बिल आठ दिवसांनी येते. ज्याचे बिल मालाबरोबर, त्याची तारीख आजपासून मोजली जाते. ज्याचे बिल उशिरा, त्याचे पैसे उशिरा. यात लबाडी काही नाही, वहीची रीत आहे. भाच्याला आठवले, त्यांच्या मिलमध्ये मुनीम शनिवारी एकदम आठवड्याची सगळी बिले करतात.

तिसरी नोंद त्याने मला वाचून दाखवली नाही, सांगितली. एके दिवशी बीदरकडचे एक डाळमिलवाले सकाळी दहा वाजता पेढीवर आले. मळकी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. चहा आला, प्यायले. जेवणाची वेळ झाली, बाहेर जाऊन काही खाऊन आले, पुन्हा बसले. चार वाजता शेठजींनी त्यांना निम्मे पैसे दिले आणि उरलेले पुढच्या महिन्यात सांगितले. ते हात जोडून उठले. जाताना भाच्याला विचारून गेले, "बाळ, इथे बिस्किटे चांगली कुठे मिळतात? पोरांना न्यायची आहेत."

भाचा फोनवर थांबला. मग म्हणाला, "मामा, अप्पा महिन्यातून एकदा हैदराबादला जायचे ना, आम्ही लहान असताना? येताना ती फळांची बिस्किटे आणायचे. आम्हाला वाटायचे अप्पा मजेला जातात. आम्ही वाट बघायचो. मामा, ते वसुलीला जायचे. असेच बाकावर बसत असतील."

मला काही बोलता आले नाही.

जूनमध्ये तो घरी गेला तेव्हा त्याने दाजींपुढे वही ठेवली. उपदेश केला नाही, हे मला फार आवडले. फक्त म्हणाला, "अप्पा, बिल मालाबरोबर पाठवू. आणि दोन प्रतींचा माल दोन ढिगांत ठेवू, मिसळून नको." मग त्याने कायद्याचे काढले. लहान उद्योगांसाठी २००६ सालचा कायदा आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याला आयकराची जोड दिली गेली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल तेव्हाच धरता येतो. मात्र त्यासाठी आपली नोंद सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून उद्यम पोर्टलवर असावी लागते. ती नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आहे, फुकट आहे. दाजींनी ती केलीच नव्हती.

नोंदणी दुसऱ्या दिवशी झाली. पण दाजी म्हणाले, "तीस वर्षांचे संबंध आहेत. मी कोणाला कायदा दाखवणार नाही." भाचा म्हणाला, "दाखवू नका. बिलावर नोंदणीचा नंबर छापू, एवढेच." त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी अज्जा म्हणाले, "छाप." आज त्यांचे पैसे सरासरी पन्नास दिवसांत येतात, पूर्वी सत्तर लागायचे. मिल संकटातून बाहेर आली असे मी म्हणणार नाही. मुनीम गेले, नवा माणूस अजून शिकतो आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या मोठ्या कंपनीत भाच्याऐवजी त्याचा वर्गमित्र गेला. त्याला तिथेच नोकरी मिळाली, पगार चांगला. त्याच्या घरी शिक्षणाचे कर्ज होते, त्याने अगदी योग्य तेच केले. भाच्याला डिसेंबरात पहिल्या तीन मुलाखतींत नकार आला. "दुकानात काय केलेस?" असे एकाने हसून विचारले म्हणे. चौथ्या मुलाखतीत, धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीत, त्याला अर्धा तास फक्त पट्टी, ओल आणि उधारी यांवरच विचारले. तिथे त्याची निवड झाली. पगार मित्रापेक्षा कमी आहे. मिलवर परत कधी येणार, येणार की नाही, हे अजून ठरलेले नाही. दाजी विचारत नाहीत, तो सांगत नाही. असो.

म्हणून मंडळी, मला फोन करण्याआधी मुलाला किंवा मुलीला चार गोष्टी विचारा. तिथे तुला शिकवणारा माणूस कोण, त्याचे नाव काय? रोज तू नेमके काय करशील? मानधन वजा हैदराबादचे खोलीभाडे, मेस आणि प्रवास, हातात काय उरते की घरून जाते? आणि कॉलेज ते काम लेखी मान्य करते का? या चारांची उत्तरे आली की कंपनीचे नाव मोठे की लहान हा प्रश्न आपोआप पाचवा होतो. सरकारने २०२४ साली पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली तिच्याबद्दलही बरेच जण विचारतात. ती सुरू झाली तेव्हाच पूर्णवेळ शिकणाऱ्यांना आणि एमबीए झालेल्यांना तिच्यातून वगळलेले होते, तेव्हा तिच्यावर अवलंबून राहू नका.

मुलींच्या आईवडिलांना एक वेगळी विनंती. "उन्हाळ्यात एकटी कशाला राहतेस, घरी ये" असे सहज म्हणू नका. तिलाही हे गुण लागतात, तिलाही हे पाण्यात पडणे आवश्यक आहे. हैदराबादेत २०१७ पासून मेट्रो आहे, पोलिसांची शी टीम २०१४ पासून आहे. राहण्याची जागा तुम्ही स्वतः जाऊन पाहा, ऑफिसची वेळ विचारा, आणि मग तिला राहू द्या. काळजी करायला आईबापाला कोणी मनाई केलेली नाही, पण काळजीपायी तिचे वर्ष अडवू नये.

आणि दोन महिन्यांतले आठ-दहा दिवस घरासाठी राखून ठेवायला सांगा. कामासाठी नव्हे, नुसते राहायला. आंबे असतात, आईला बोलायचे असते.

भाचा जूनमध्ये घरी गेला तेव्हा पिशवीत फळांच्या बिस्किटांचे दोन डबे होते. बहीण सांगत होती, दाजींनी डबा उघडला, एक बिस्किट हातात घेतले आणि विचारले, "कुठून आणलीस?" तो म्हणाला, "तुम्ही आणायचा तिथूनच." दाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसायला बाक तोच आहे का अजून?"